लहान मापाचा पट्टा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्या डॉक्टरांकडे इतकी वर्षं काम करते त्यांना नाही. आणि मायला — तिला सांगायचं म्हणजे काय, ते तुम्हाला पुढे कळेल. कितीदा तरी ओठांपर्यंत आलं. मग कुकरची शिट्टी झाली, दारावर कुणी आलं, फोन वाजला, आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीही मला लाज आहे.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तसं पाहिलं तर हासुद्धा भित्रेपणाच, नाही का?

मी अकोल्याला, जठारपेठेत, हृदयरोगाच्या एका दवाखान्यात तंत्रज्ञ आहे. पूर्वी नुसता ईसीजी काढायची. मग आमच्याकडे एक नवं मशीन आलं. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधायचे, माणसाला जरा वेळ शांत पडू द्यायचं, आणि मशीन नाडीच्या लाटेचा आलेख काढतं. हृदयाचा ठोका पडला की रक्तवाहिन्यांतून एक लाट निघते, पुढे जाऊन आपटते आणि माघारी येते. वाहिन्या मऊ असतील तर ती सावकाश जाते, सावकाश परतते. कडक झाल्या असतील तर सुसाट जाते, आणि हृदय अजून रक्त ढकलत असतानाच उलटी येऊन त्याच्यावर आदळते. आलेखाच्या आकारावरून हे दिसतं — वाहिन्या किती म्हाताऱ्या झाल्या, हृदयाच्या तोंडाशी खरा दाब किती. पेशंटला मी सांगायची, बागेतला रबरी पाइप आणि नळाचा लोखंडी पाइप, एवढाच फरक. लोकांना ते पटायचं.

पण या तपासणीत सगळं मशीनवर नसतं. बांधणाऱ्या हातावर असतं. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटा, चढा येतो. माणूस दुखण्याने कळवळत असेल तरी चढा येतो. हे मला येत होतं. इतकं चांगलं येत होतं की नव्या आलेल्या मुलींना मीच शिकवायची. एवढं लक्षात असू द्या — मला येत होतं.

माझे बाबा चांदूर बाजारचे. ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं त्यांचं, आणि गॅरेजच्या मागे आमचं घर. इंजिन हातांनी पेलणारा माणूस. बाही चढवली की दंडावर शिवण ताणायची. गावात त्यांच्या हाताला मान होता. तो हात मायवर पडायचा.

तो मायला मारायचा. बघा, दोन वाक्यांत मी 'ते' सोडून 'तो'वर आले. लहानपणी तोंडावर 'बाबा, तुमी' आणि मनात 'तो', असंच होतं.

कशाने मारायचा? हाताला येईल त्याने, पण जास्त करून फॅनबेल्टने. तुटके बेल्ट गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेले असायचे. रबराचा आवाज वेगळा असतो — ओला. मी मागच्या ओट्यावर बसायची आणि दोन आवाजांच्या मधल्या जागेत माय श्वास घेते का, ते ऐकायची. एकदा वरण खारट झालं म्हणून त्याने चुलीवरचं वरणाचं पातेलं उचलून तिच्या पायांवर उपडं केलं. माझ्यानंतर एक भावंड होणार होतं. त्याने तिला ढकललं आणि ते गॅरेजच्या पायऱ्यांवरच गेलं. आणि एकदा दार आणि चौकट यांच्यामध्ये धरून त्याने तिचा उजवा दंड मोडला. दार दोनदा लावलं, कारण पहिल्यांदा मोडला नाही. हाड बसवणाऱ्याकडे नेलं, ते वाकडंच बसलं. लोकांना सांगितलं, विहिरीवर पाय घसरला. शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं. किती सफाईने सांगितलं.

मला? मला त्याने क्वचितच मारलं. हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही माझ्या बाजूने जास्तच झुकाल.

आणि मग तो थांबला. माझं लग्न झाल्यावर केव्हातरी. कशामुळे, ते मला आजही माहीत नाही. कुणी दम दिला नव्हता, कुणी देवाची शपथ घातली नव्हती. मी माहेरी गेले असताना माय पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आता नाई मारत." एवढंच. पाऊस थांबल्याचं सांगावं तसं.

सकाळी तो तिच्याआधी उठून चहा ठेवायचा. बाजारातून आठवणीने तिच्यासाठी केळी आणायचा. तिच्या गुडघ्यांना तेल चोळून द्यायचा. माझ्या मुलीला ट्रॅक्टरच्या सीटवर बसवून अख्खी दुपार खोटं स्टिअरिंग फिरवू द्यायचा. गल्लीतल्या बाया मला म्हणायच्या, तुझे बाबा म्हणजे देवमाणूस हाय वं.

तुम्हाला वाटेल, मला बरं वाटलं असेल. मला ते सहन होत नव्हतं. मारत होता तेव्हा निदान तो काय आहे ते दिसत होतं. आता कुणाला विचारायचं? त्याने कधी एक शब्द काढला नाही. चुकलं म्हणाला नाही. मायही जणू विसरून गेली. दोघं ओट्यावर बसून हरभरे सोलायचे, आणि मी एकटीच तो ओला आवाज डोक्यात घेऊन अकोल्याच्या एस.टी.त बसायची. माझ्याच वाट्याला का? असं मला वाटायचं. जिने मार खाल्ला ती शांत, ज्याने दिला तो शांत.

नवं मशीन आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रविवारी दवाखाना बंद असतो, हात बसायला घरच्यांना आणून तपासा. मी दोघांना बोलावून घेतलं.

आधी मायला झोपवलं. उजव्या दंडाला पट्टा नीट बसेना. हाड जिथे वाकडं होतं तिथून तो घसरायचा. मी तो वर-खाली करून कसाबसा बसवला, डावीकडचा बांधला, घोट्यांचे बांधले. बटण दाबलं. पंप घरघरला, पट्टे आवळायला लागले — आणि मायने नळीसकट डावा हात उचलून कोपर चेहऱ्यासमोर धरलं. डोळे गच्च मिटलेले. दंड कुणीतरी आवळतंय एवढंच तिच्या अंगाला कळलं होतं. मी मशीन थांबवलं. तिने डोळे उघडले, मला पाहिलं, आणि ओशाळून हसली.

"सवय हाय ना," ती म्हणाली. "तू कर तुह्यं."

तो शेजारच्या खुर्चीवर बसून तिच्यासाठी संत्रं सोलत होता. त्याने पाहिलं का? पाहिलंच असणार, हातभर अंतरावर तर होता. तो फोडीवरच्या शिरा काढत राहिला. एक एक शीर, नीट.

तेव्हाच माझ्यात काहीतरी ठरलं. मायची तपासणी मी पुरी केली. तिच्या वाहिन्या तिच्या वयापेक्षा कितीतरी म्हाताऱ्या निघाल्या. ते मी तिला सांगितलं नाही.

मग तो शर्ट काढून, बनियनवर, हसत कॉटवर आडवा झाला. "आता माह्यं पाह्य, वैशू."

ड्रॉवरमध्ये मोठ्या मापाचा पट्टा वरच होता. मी तो हातात घेतलाही होता. तो परत ठेवला, आणि खालून लहान मापाचा काढला — किरकोळ अंगाच्या बायकांना, पोरांना लावतात तो. त्याच्या दंडाला तो जेमतेम वेढला. मी गुडघा कॉटला टेकवून ओढला आणि टोकाला टोक चिकटवलं. मशीन पट्टा किती फुगवणार, ते हाताने वाढवता येतं. मी वाढवलं.

पट्टा फुगला. दंडाचं मांस दोन्ही बाजूंनी वर आलं. बोटं लाल झाली, मग काळपट. त्याने दात आवळले.

"लय आवळते वं हे," तो म्हणाला.

"हालू नका, बाबा. हालले तं पुन्हा घ्यावं लागन."

हवा सुटली. मी म्हणाले, हालले तुमी. तो हलला नव्हता. मी पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. घोट्याच्या हाडावर पट्टा फार दुखतो, तिथे तो कण्हला. तिथेही मी पुन्हा घेतलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी निघून कानांकडे गेलं. दोन्ही हात बांधलेले, त्याला पुसता येईना. मायने उठून पदराने पुसलं.

मला काय वाटत होतं — तेच तर सांगायला बसले आहे. मला सुख होत होतं. भुकेल्या माणसाला ताट समोर आल्यावर होतं तसं, अंगातून होणारं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, अजून. तो थांब म्हणाला असता तर मी थांबले असते का? माहीत नाही. तो म्हणालाच नाही. त्याला वाटलं, तपासणी अशीच असते, आणि पोरगी करते आहे म्हणजे भल्यासाठीच. एकदा पट्टा सुटला तर त्याने आपणहून हात पुढे केला.

सोडलं तेव्हा दंडावर लाल ठिपक्यांचं कडं उठलं होतं. पुढे मायकडून कळलं, ते काही दिवस राहिलं. ती त्यावर खोबरेल लावायची. आणि तो तिला म्हणायचा, "पोरगी जपून करते वं, मशीनच तसं हाय."

इथेच संपलं असतं तर? एका रविवारची, बंद खोलीतली दुष्टाई. कदाचित ती मी कधीतरी नवऱ्याला सांगूनही टाकली असती. पण मशीनच्या पडद्यावर दाब दिसत होता — भयंकर चढलेला. लाट वेडीवाकडी. तो आकडा त्याच्या रक्तवाहिन्यांचा नव्हता. तो माझा होता. मला तो पुसता येत होता. मी ठेवला.

सोमवारी डॉक्टरांनी तो पाहिला आणि चष्मा काढला.

"इतकं? पट्टा बरोबर मापाचा होता ना?"

"हो सर."

"शांत पडले होते?"

"हो सर."

"तरी मी एकदा स्वतः हाताने दाब बघतो. बोलाव त्यांना."

डॉक्टर चांगले आहेत, हे तुम्हाला दिसतंच आहे. घाईने औषध लिहिणारे नाहीत. मी म्हणाले, "सर, सोयाबीन निघून राहिलंय, ट्रॅक्टरवाले गॅरेजमध्ये उभे आहेत, ते येणार नाहीत. तुम्ही औषध सुरू करा, मी दर रविवारी घरी जाऊन बघत जाईन." त्यांनी चष्मा परत घातला. मग, तू बघणार असशील तर ठीक, असं म्हणाले. त्यांचा माझ्या हातावर विश्वास होता. बाबा गावच्या डॉक्टरांनी दिलेली दाबाची अर्धी गोळी घ्यायचे. तिची पूर्ण झाली, आणि आणखी दोन सुरू झाल्या.

रविवारचं रागाच्या भरात झालं असं म्हणता येईल. सोमवारचं? सोमवारी मी घरून चहा पिऊन, केस विंचरून आले होते, आणि थंड डोक्याने खोटं बोलले. पकडले जाण्याची भीती होती, हे खरं. पण नुसती भीती नव्हती. मला तो आजारी असायला हवा होता. देवमाणूस म्हणून धडधाकट फिरायला नको होता. ज्याने दुसऱ्याचं अंग मोडलं त्याचंही अंग त्याला जड व्हावं, असं मला मनापासून वाटत होतं.

पुढच्या रविवारी मी चांदूर बाजारला गेले तेव्हा तो ओट्यावर भिंतीला टेकून बसलेला. म्हणाला, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय आपले राहत नाहीत. मी दाब पाहिला — या वेळी बरोबर मापाच्या पट्ट्याने. कमी होता. बसल्यावर कमी आणि उभं केल्यावर आणखी खाली. कुणीही सांगितलं असतं, गोळ्या जास्त होताहेत. फोन खिशात होता. डॉक्टरांचा नंबर पहिलाच होता.

"सुरुवातीले असं होते," मी म्हणाले. "गोळ्या बंद नका करू."

तो मान हलवून बरं म्हणाला. माय बाजूला उभी होती. तिने विचारलं, "पडन तं नाई ना हा?" मी म्हणाले, नाही पडत. डॉक्टरांना मी सांगितलं, आता दाब छान आला आहे, सर. खोटं नव्हतं म्हणायला ते.

तो पडला. गॅरेजमध्ये ट्रॅक्टरखाली उतरून काम करायचा खड्डा आहे, सिमेंटचा, पुरुषभर खोल. त्याच्या काठाला तो स्टुलावर बसून एका गिऱ्हाइकाला काही समजावत होता. बोलता बोलता उठला. गिऱ्हाईक सांगत होतं, तो उभा राहिला, हवेत हात फिरवला, जणू काही धरायला शोधतो आहे, आणि तोंडावर आत गेला. खाली लोखंडी जॅक होता. कपाळ त्याच्यावर आपटलं. माय आवाजाने धावत आली आणि तशीच खड्ड्यात उतरली. वरून चार माणसांनी दोघांना बाहेर काढलं. तिचं पातळ रक्ताने आणि काळ्या ऑइलने भिजलं होतं. त्याच पातळात ती अमरावतीच्या दवाखान्यात बसली होती. मी तिथे पोचले तेव्हा ते सुकून कडक झालं होतं.

मांडीचं हाड खुब्यात मोडलं होतं. कवटीला तडा होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या पट्ट्या बघितल्या आणि विचारलं, "एवढ्या गोळ्या कुणी दिल्या यांना? यांचा दाब मुळात तितका नसणार."

"अकोल्याच्या डॉक्टरांनी," मी म्हणाले. जणू मी तिथे कामालाच नव्हते. मायने माझ्याकडे पाहिलं. तिला त्यातलं काही कळलं नव्हतं, ती फक्त घाबरून बघत होती.

आमच्या डॉक्टरांना मी पडल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी बाबांचा कागद काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "मी बोलावून घ्यायला हवं होतं. माझं चुकलं." मी म्हणाले, नाही सर, तुमचं काय. एवढंच म्हणाले. पुढचं म्हणाले नाही. त्यानंतर ते प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटला आधी बसवून, मग उभं करून, स्वतः दाब बघायला लागले. आजही बघतात. मी शेजारी उभी असते.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सांगितलं होतं, मेंदूच्या पुढच्या भागाला मार आहे, माणूस वाचेल, पण स्वभाव बदलू शकतो. मला तेव्हा आतल्या आत हसू आलं होतं. कुठला स्वभाव? तुम्ही कुठला पाहिलाय?

तो घरी आला. चालणं गेलं होतं, शब्द बरेचसे गेले होते. हात शाबूत होते.

पहिल्यांदा त्याने मायला ताटलीने मारलं. ती भात भरवत होती; त्याने ताटली हिसकली आणि तिची कड तिच्या भुवईवर बसली. मग ते रोजचं झालं. पाणी पाजताना पेला तिच्या तोंडावर. कूस बदलताना तिच्या खांद्याला दात. झोपल्यासारखा पडायचा आणि ती वाकली की केस धरायचा. ती पळू शकली असती, तो तर कॉटवर होता. पण त्याला पुसायचं, भरवायचं, चादर बदलायची तर जवळ जावंच लागायचं. रोज, पुन्हा पुन्हा, ती स्वतःच्या पायांनी त्याच्या हाताच्या टप्प्यात जायची. तिच्या मोडलेल्या दंडावर तर त्याचा डोळा होता. तिथेच धरून पिळायचा. त्याला आठवत होतं की नुसतं हाताला माहीत होतं? कुणास ठाऊक.

माणूस ठेवला, तो आठवड्यात पळाला. दोघांना अकोल्याला आणते म्हटलं तर माय नाही म्हणाली, "तिथं शेजारपाजार हाय, तुह्यं नाव खराब होईन."

एकदा मी गेले तेव्हा आतून आवाज येत होता. लाकडावर काही ठोकल्यासारखा. त्याने तिचे केस मुठीत धरले होते आणि तो तिचं डोकं कॉटच्या कडेवर आपटत होता. माय आवाजही करत नव्हती. मी धावले, त्याची बोटं उलटी वाकवून सोडवली. ती सुटली. तिथे थांबायला हवं होतं. मी त्याच्या तोंडात मारली. मग दुसरी. मग मी मारतच राहिले, उघड्या हाताने, मुठीने, त्याच्या कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेवर, कानावर. त्याची मान उशीवर इकडून तिकडे पडत होती आणि माझ्या तोंडून काहीतरी निघत होतं, जे माझ्या आवाजासारखं नव्हतं. मायने मला कमरेला धरून ओढलं. तिच्या नाकातून रक्त येत होतं. तिने मला भिंतीशी नेऊन उभं केलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तू बी?" ती म्हणाली.

एवढंच. मग ती त्याचं तोंड पुसायला गेली, आणि तिने वाकताच त्याने पुन्हा तिचे केस धरले.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. न्यूमोनिया झाला होता. गावातून खूप लोक आले. देवमाणूस होता, शेवट वाईट झाला, असं म्हणाले. मायला मी अकोल्याला आणलं.

यंदा उन्हात गव्हाच्या कुरड्या घालून आम्ही दोघी सावलीत बसलो होतो. मी तिला म्हणाले, आता सुटलीस तू. लोक म्हणतात तसं, काही बोलायचं म्हणून. तिने हातातली चाळणी बाजूला ठेवली.

"लोकं बी तसंच म्हणते," ती म्हणाली. "पण मधातले ते वर्षं चांगले गेले वं माह्ये. तुह्या लग्नानंतरचे. सकाळी आयता चहा भेटे. सोबत बसून बोलणं होये. तेवढाच संसार झाला माहा. तो पडला नसता, तं अजून चालला असता."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. सांगता आलं असतं. मी कुरड्यांवरचा कावळा हाकलायला उठले.

ती आता आतल्या खोलीत पडली आहे. उजव्या हाताने तिला आता पेलाही नीट उचलता येत नाही. लग्नापासून तिने जो मार खाल्ला, तो त्याचा होता. शेवटच्या वर्षात खाल्ला, तो माझा.